कुजबुजीची खूण

फ्रिज थरथरून बंद झाला आणि त्याच्यावर ठेवलेल्या काचेच्या बरणीतला चमचा वाजला. दोनदा लगोलग, मग जरा थांबून एकदा.

तिने पेडलवरचा पाय उचलला, हेडफोनची एक बाजू कानावरून सरकवली आणि आतल्या खोलीच्या लोटलेल्या दाराकडे पाहत राहिली. बाळाने कूस बदलली असावी. चादर सरकल्यासारखं काहीतरी झालं. मग एक उसासा आला, एवढ्याशा जिवाला न शोभणारा, दिवसभर ओझी वाहून आलेल्या माणसासारखा. पुन्हा श्वास एका लयीत सुरू झाला. तिने स्वतःचाही रोखून धरलेला श्वास सोडला. ती बरणी तिथून हलवायची हे ती रोज दुपारी ठरवायची आणि रोज संध्याकाळी विसरायची.

हा मुलगा झोपत नाही, झोपल्याचं सोंग घेतो, असं तिचा नवरा म्हणायचा. टाचणी पडली तरी डोळे टक्क उघडे. त्यामुळे बाळ आल्यापासून या घरात सगळे कुजबुजायला शिकले होते. दारावरची बेल काढून टाकली होती. येणाऱ्याने नखाने टकटक करायची. पाच वर्षांच्या थोरल्या लेकीला सगळे मुंगी म्हणत. ती शाळेतून आली की उंबऱ्यातच बूट काढून चवड्यांवर आत यायची आणि आईच्या कानाशी तोंड नेऊन आधी विचारायची, ‘‘झोपलंय?’’

बाळ झोपलेलं असे, तेवढाच वेळ तिचा स्वतःचा होता आणि तो तिने कामाला दिला होता. स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या एका टोकाला लॅपटॉप, टेबलाखाली पेडल. चवडा दाबला की आवाज पुढे जाई, टाच टेकवली की मागे येई. कानांवर येईल ते शब्दाला शब्द टाइप करायचं. तुकडे यायचे, चहाला उकळी यायला लागतो तेवढ्या वेळाचे. बोलणारे कोण, कुठले, कशासाठी त्यांचं बोलणं ऐकलं जातंय, यातलं काहीच यायचं नाही. आवाजही मुद्दाम जाड करून पाठवलेले असत. बायका, पुरुष, म्हातारे सगळे एकाच माणसासारखे वाटत, कायमची सर्दी झालेल्या. ओळखीतलं कोणी निघालं तरी ओळखू येऊ नये, म्हणून. प्रत्येक तुकडा दोघींकडे जायचा. कुठल्या तरी दुसऱ्या घरात, दुसऱ्या टेबलाशी बसून एक अनोळखी बाई तेच शब्द टाइप करत असे. दोघींचं जुळलं की तुकडा वर जाई. जुळलं नाही, तर तपासणाऱ्या मॅडम ऐकत.

बोलण्याखेरीज जे काही ऐकू येईल ते चौकोनी कंसात. [दरवाजा]. [भांडे]. [हसणे]. आणि एका गोष्टीसाठी वेगळी, लाल खूण होती. कुजबुज. सुरुवातीच्या शिकवणीत एक टापटीप गृहस्थ भरल्या हॉलसमोर खड्या आवाजात म्हणाले होते, की ज्याला लपवायचं नसतं तो मोठ्याने बोलतो. शब्द चुकले तरी चालतील, पण कुजबुज सुटता कामा नये. लाल खुणेचे तुकडे सगळ्यांच्या आधी ऐकले जातात. तिने मान डोलावली होती. तिच्या खुणा कधी चुकत नसत. कुजबुजीत ती दिवसभर राहत होती, ती ओळखायला तिच्याइतका तयार कान कुणाचा असणार?

हे काम तिला दादाने मिळवून दिलं होतं. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. तो त्याच कार्यालयात होता, जिथून हे तुकडे वाटले जात. पण त्याने सांगितलं म्हणून तिने होकार दिला, असं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी बस स्थानकावर स्फोट झाला तेव्हा वहिनी तिकिटाच्या रांगेत उभी होती. याच घरी यायला निघाली होती, मुंगीला भेटायला. वहिनीला हळू बोलणं म्हणून जमायचं नाही. ती जिन्यात असतानाच कळायचं, ती कुणावर आणि कशासाठी रागावली आहे. शिंकली तर शेजारची पोरं उठायची. स्थानकावर ओळख पटवायला दादाबरोबर हीच गेली होती. त्यानंतर कित्येक दिवस तिला दचकून जाग येई आणि वाटे, जिन्यात बोलण्याचा आवाज येतोय.

तेव्हा दादा म्हणाला होता, की कुणीतरी कुठेतरी बसून या लोकांचं बोलणं आधी ऐकलं असतं, तर. वाक्य तेवढंच होतं. तिने दुसऱ्याच दिवशी अर्ज केला. रोज लॅपटॉप उघडला की आधी झेंडा यायचा आणि त्याखाली ओळ, ‘तुमचे कान, देशाचे कान’. नवरा त्याला हसायचा. तिला हसू येत नसे. बाळाला अंगावर पाजताना मोकळ्या हाताने ती कधी कधी आधीच्या तुकड्यातल्या चुका दुरुस्त करी, आणि तिला खरंच वाटे, की ती दोन लेकरांना राखते आहे, एक मांडीवरचं आणि एक फार मोठं.

तिचा नवरा शाळेत विज्ञान शिकवायचा. त्याच्याच शाळेतले भूगोलाचे सर अडीच-तीन महिन्यांपूर्वी घरातून उचलले गेले होते. स्थानकावरच्या स्फोटाच्या दिवशी ते कुठे होते, याचा म्हणे हिशोब लागत नव्हता. त्या दिवसापासून या नवराबायकोत एक विषय उघडा पडला होता, मलमपट्टी सुटलेल्या जखमेसारखा.

‘‘तू जे टाइप करतेस ते कुणाचं असतं, माहीत आहे का तुला?’’ त्याने एकदा विचारलं होतं.

‘‘ज्यांना लपवायचं असतं त्यांचं. आपल्यासारख्यांनी कशाला घाबरायचं?’’

‘‘बरोबर आहे,’’ तो म्हणाला होता. ‘‘मग उद्या बाथरूमची कडी काढून टाकतो. आपल्याला काय लपवायचंय?’’

तिने त्याला लाटण्याचा धाक दाखवला होता आणि दोघं हसली होती, अर्थात आवाज न करता, खांदे हलवत. त्यानंतर त्याने विषय काढला नाही. तिला वाटलं, पटलं असावं.

तिने हेडफोन पुन्हा कानांवर बसवले आणि चवडा दाबला.

दोन आवाज होते. एक विचारणारा, एक सांगणारा. दोघंही कुजबुजत होते. सांगणारा अडखळत होता, विचारणारा अजिबात नाही. त्याच्या बोलण्यात घाई नव्हती. समोरच्याला हलकेच पुढे ढकलत राहायची एक आपुलकीची लकब होती. हा मुरलेला माणूस आहे, असं तिला वाटलं.

शुक्रवारी जायचंय.

एकटाच?

नाही. अजून दोघं आहेत.

विश्वासातले?

असल्याशिवाय का.

घरी माहीत आहे?

इथे सांगणारा थांबला. तिने कंसात [थांबतो] असं लिहिलं.

नाही. तिला यात ओढायचं नाही. तिला कळलं तर ती झोपणार नाही. झाल्यावर सांगेन.

बिचारी, असं तिच्या मनात आलं. कुठल्या तरी घरात एक बाई असेल, दूध तापवत असेल, आणि तिचा नवरा शुक्रवारी दोन माणसांना घेऊन कुठे जाणार आहे याचा तिला पत्ता नसेल. तिने तुकडा पुन्हा एकदा पहिल्यापासून ऐकला, शब्द ताडून पाहिले आणि डावीकडे लाल खूण केली. हात जराही थबकला नाही. उलट अशा वेळी पाठीच्या कण्यातून एक बारीक, ताठ अभिमान चढायचा, तसा तो चढला. तिने तुकडा पाठवला. पाठवलेलं परत घेता येत नसे.

पुढचा तुकडा त्यालाच जोडून आला. असं कधीतरी होई.

चवडा दाबताच सांगणारा म्हणाला, त्या दिवशी सर माझ्याबरोबर होते, सकाळपासून. प्रयोगशाळेतली कपाटं लावत होतो आम्ही. हे न्यायाधीशांसमोर सांगायचंय, एवढंच.

मग विचारणारा म्हणाला, आणि बाकीचे दोघं?

आणि त्या दोघांच्या मागे, लांबून, चमचा वाजला. दोनदा लगोलग. मग जरा थांबून एकदा.

तिने हेडफोन काढून फ्रिजकडे पाहिलं. फ्रिज गप्प होता. तो तर आत्ताच बंद झाला होता. तिने हेडफोन पुन्हा घातले, टाच टेकवली. प्रयोगशाळेतली कपाटं. बाकीचे दोघं. किण किण. किण.

तिने टाच टेकवली. पुन्हा टेकवली. 

सांगणाऱ्याने दोघांची नावं घेतली नाहीत. ड्रॉइंगच्या बाई, आणि आमचा शिपाई, एवढंच म्हणाला. त्यांनीही सरांना त्या दिवशी शाळेत पाहिलंय, तेही येणार आहेत. मग खुर्ची सरकली, आणि तिसराच एक आवाज आला. जाड केलेला, पुरुषी वाटणारा, पण वैतागलेल्या बाईचा.

अरे हळू बोला ना दोघं. आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा.

गेल्या रविवारी हे वाक्य ती याच दारात उभी राहून बोलली होती. एका हाताने दार धरलेलं, खांद्यावर दुधाचा ओला डाग. टेबलाशी दादा आणि तिचा नवरा डोक्याला डोकं लावून बसले होते. दादाने दोन्ही हात वर केले होते, शरण आल्यासारखे. नवऱ्याने ओठांवर बोट ठेवलं होतं. तिला ते दोघं शाळेतली पोरं वाटली होती. बरं वाटलं होतं तिला. वहिनी गेल्यापासून दादा कुणाशी असा बसून बोलला नव्हता.

टेबलावर दादाचा फोन पालथा होता. तोही आठवला.

बाळाचा श्वास ऐकू येत होता. मग तिने टाइप करायला घेतलं, कारण घ्यायलाच हवं होतं. उघडलेला तुकडा रिकामा राहिला की तो दुसरीकडे जाई. ड्रॉइंगच्या बाईंच्या जागी तिने [अस्पष्ट] लिहिलं. शिपायाच्या जागी [अस्पष्ट]. दुसऱ्या घरातल्या त्या दुसऱ्या बाईला ते स्पष्ट ऐकू येणार होतं, हे ठाऊक असून लिहिलं. स्वतःचं वाक्य मात्र तिने पूर्ण लिहिलं, एकही अक्षर न गाळता. आणि त्याच्यापुढे एक कंस घातला, जो तिच्या एवढ्या दिवसांच्या कामात तिने कधी घातला नव्हता.

[लहान मूल झोपलेले आहे.]

नियम होता, की ऐकू येईल तेवढंच लिहायचं. झोपलेलं मूल ऐकू येत नाही. कंस घालून झाल्यावर ती त्याच्याकडे बघत बसली. आजवर तिने लाल खुणा केलेली कितीतरी घरं तिच्यासमोरून एकेक करून गेली. त्या सगळ्यांत लोक हळू बोलत होते. का, ते तिने एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं.

दारावर नखाची टकटक झाली.

बुधवार होता. बुधवारी मुंगीला शाळेतून दादा आणायचा. त्याला त्या दिवशी अर्धी सुट्टी असे आणि मुंगीला मामाच्या खांद्यावरून घरी यायला आवडे. उंबऱ्यात बूट निघाले. चवड्यांवर पावलं आली. मुंगीने कानाशी तोंड आणून विचारलं, झोपलंय? तिने मान हलवली. मुंगी शहाण्यासारखी आत जाऊन बाळाच्या शेजारी आडवी झाली.

दादा नेहमीच्या खुर्चीत बसला. शर्टाच्या खिशातला फोन काढून त्याने टेबलावर पालथा ठेवला. नेहमी ठेवायचा तसाच. तिने तो उचलला, फ्रिज उघडला, आत भाज्यांच्या खणात ठेवला आणि फ्रिज बंद केला. वरचा चमचा वाजला.

दादाने आधी चमच्याकडे पाहिलं, मग उघड्या लॅपटॉपकडे, आणि मग तिच्याकडे. नवल वाटल्यासारखा त्याचा चेहरा झाला नाही. ते तिला सगळ्यात जास्त लागलं.

‘‘कुठपर्यंत ऐकलंस?’’ त्याने विचारलं.

ती कुजबुजत होती, तोही कुजबुजत होता. आत दोन मुलं निजली होती.

‘‘माझ्याकडे कसं आलं?’’

‘‘काम वाटणारं यंत्र आहे. ओळखीचं ओळखीच्याकडे जाऊ नये एवढी अक्कल त्याला नाही.’’ त्याने दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले. ‘‘यायला नको होतं तुझ्याकडे.’’

‘‘एवढंच यायला नको होतं?’’

तो बोलत राहिला, खालच्या आवाजात, सांगून सांगून गुळगुळीत झालेलं बोलावं तसं. जावईबापूंचं नाव कार्यालयात आधीच निघालं होतं. दादा स्वतः आला नसता तर दुसरा कुणी आला असता, आणि तो दुसरा स्वयंपाकघरात बसून चहा पिऊन गेला नसता. आपल्या माणसाने ऐकलं तर निदान काय आहे ते कळतं. भूगोलाच्या सरांविषयी त्याला वैयक्तिक काही नाही. पण ज्या दिवसाचा हिशोब लागत नाही तो कुठला दिवस आहे, हे तिने विसरू नये. त्या दिवसाचा प्रश्न आला की तो कुणाचाही भाऊ नसतो, कुणाचाही मामा नसतो.

तिने ऐकून घेतलं. लहानपणी तो शाळेतून येताना तिचं दप्तर घ्यायचा, तिच्या वाटच्या चुका स्वतःच्या अंगावर घ्यायचा. त्या माणसाला ती त्या खुर्चीत शोधत होती.

‘‘सर त्या दिवशी शाळेत होते,’’ ती म्हणाली. ‘‘तू तुझ्या कानांनी ऐकलंस. मग हिशोब लागला ना?’’

‘‘साक्षीदार म्हणतात तसं. साक्षीदार कोण आहेत ते बघायला लागतं.’’

‘‘कोण आहेत? माझा नवरा आहे.’’

दादा टेबलावरची चहाची वाळलेली वर्तुळं नखाने खरवडत होता.

‘‘वहिनी असती तर,’’ ती म्हणाली आणि पुढचं तिला सुचेना. वहिनी त्या रविवारी इथे असती तर तिच्या आवाजाने बाळ उठलं असतं, सगळं घर डोक्यावर घेतलं असतं, आणि कुणाला काही कुजबुजता आलं नसतं.

‘‘ती असती तर मला हे करावंच लागलं नसतं,’’ दादा म्हणाला.

मग त्याने मान वर न करता विचारलं, ‘‘पहिल्या तुकड्याला खूण केलीस?’’

तिने लॅपटॉपचा पडदा स्वतःकडे वळवला.

‘‘केलीस ना. तू केली नसतीस, तर दुसरीने केली असती तरी जुळलं नसतं, तपासणीत राहिलं असतं दोन दिवस. तोवर शुक्रवार गेला असता. नुसतं घरगुती बोलणं म्हणून सगळ्यांच्या खाली पडलं असतं.’’ तो हे दोष दिल्यासारखं बोलला नाही. सहकाऱ्याशी बोलावं तसं बोलला, आणि म्हणूनच ते ऐकवेना. ‘‘तुझ्या खुणेला मान आहे तिकडे. तुझी खूण असली की मॅडम पुन्हा ऐकतसुद्धा नाहीत.’’

‘‘पुढच्या तुकड्यात मी लिहून पाठवलंय. मूल झोपलंय म्हणून.’’

‘‘झोपलेल्या मुलाचा आवाज येत नाही,’’ दादा म्हणाला. ‘‘खोडतील ते.’’

तो उठला, फ्रिजमधून फोन काढला, त्याच्यावर धरलेलं बाष्प शर्टाला पुसलं. जाता जाता म्हणाला, शुक्रवारी त्याला घरी ठेव. ताप आलाय म्हण, पाय मुरगळलाय म्हण, काहीही म्हण. त्याच्यापुरतं मी बघून घेईन. बाकीच्या दोघांचं माझ्या हातात नाही.

‘‘आणि घरात बोलताना जरा सांभाळून,’’ तो म्हणाला.

‘‘म्हणजे? घरात काय आहे?’’

त्याने फोन शर्टाच्या खिशात टाकला. त्याला माहीत नव्हतं, की सांगता येत नव्हतं, हे तिला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. आजवर तिला त्याच्या चेहऱ्यावरून सगळं कळायचं.

तेवढ्यात बाळ उठलं. रडलं नाही, गुडघ्यांवर रांगत दाराशी आलं, दाराला धरून उभं राहिलं आणि मामाला बघून त्याने तोंडभर हसून हात पसरले. दादा सवयीने वाकला, त्याचेही हात पुढे झाले. तिने मध्ये जाऊन बाळाला उचललं. बाळ तिच्या खांद्यावरून मामाकडे झेपावत राहिलं, इतकं, की तिला त्याला दोन्ही हातांनी आवळून धरावं लागलं. दादाचे हात जरा वेळ तसेच राहिले. मग त्याने ते खिशात घातले आणि तो जिना उतरून गेला.

नंतर ती घरभर फिरली. बाळाच्या उशाशी एक छोटा दिवा होता, सशाच्या आकाराचा, दादानेच आणलेला. तो तिने उलटा करून बघितला. त्यात दिवाच होता. मुंगीचं बोलणारं अस्वल, भिंतीवरचं घड्याळ, तिचा स्वतःचा लॅपटॉप. कशातच काही दिसेना, आणि काही दिसलं नाही म्हणून एकही वस्तू पूर्वीसारखी होईना. शेवटी तिने स्टुलावर चढून फ्रिजवरची बरणी खाली घेतली, चमचा काढला, धुतला आणि ओट्याखालच्या खणात ठेवून दिला. इतके महिने राहिलेलं काम एका मिनिटात झालं.

नवरा आला तो नेहमीसारखा, बाळ जागं दिसताच मोठ्याने गात. त्याने गळ्यातली पिशवी खुर्चीला अडकवली, मुंगीला हवेत उचललं, आज वर्गात एका पोराने चुंबकाला काय चिकटवून दाखवलं ते सांगायला सुरुवात केली. तिने पाण्याचा ग्लास त्याच्या हातात दिला. मग नळ सोडला, मोठा, भांड्यावर पाणी आपटेल असा, आणि त्याच्या जवळ जाऊन कानाशी तोंड नेलं.

ती सांगत गेली. तो आधी हसत होता, ती लाडात आली आहे असं त्याला वाटलं असावं. मग ग्लास ओठांपाशी नेता नेता थांबला.

‘‘दादाने?’’ नुसते ओठ हलले.

तिने मान हलवली.

त्याने टेबलाकडे पाहिलं, त्या खुर्चीकडे, मग तिच्याकडे. आपण हिला सांगितलं नव्हतं, हिच्या भावाला सांगितलं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर उमटताना तिने पाहिलं. तो काहीतरी बोलणार होता. ती त्याला बोलू न देता म्हणाली, ‘‘शुक्रवारी घरी बस म्हणालाय. तुझ्यापुरतं बघतो म्हणालाय.’’

‘‘आणि बाई? शिपाई?’’

त्याने ग्लास ओट्यावर ठेवला.

‘‘इतक्या लवकर पोचलं कसं वर?’’ त्याने विचारलं. ‘‘आठवडे लागतात, तूच सांगायचीस.’’

नळाचं पाणी भांड्यातून सांडायला लागलं होतं. ती ते बघत राहिली.

‘‘खूण मी केली,’’ ती म्हणाली. ‘‘मला माहीत नव्हतं.’’

त्याचा हात तिच्या खांद्यावर होता. तो त्याने काढला नाही, पण त्यातलं वजन गेलं. मग तो दाराशी जाऊन नुकतेच काढलेले बूट घालायला बसला. ड्रॉइंगच्या बाईंचं घर दोन गल्ल्या सोडून होतं, शिपायाचं बरंच लांब. त्याने डाव्या बुटाची नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. निघताना पिशवी राहिली होती, ती तिने आणून दिली. ती घेताना त्याची बोटं तिच्या बोटांवर क्षणभर थांबली.

‘‘शुक्रवारी मी जाणार आहे,’’ तो हळूच म्हणाला.

‘‘माहीत आहे,’’ तीही तितक्याच हळू म्हणाली.

दार आवाज न करता लागलं. तिने नळ बंद केला. फरशीवर बसलेलं बाळ तो चमचा शोधून घेऊन आलं होतं, उघड्या राहिलेल्या खणातून, आणि जमिनीवर ठाण ठाण आपटत होतं. मध्येच थांबून स्वतःच खदखदून हसत होतं. लॅपटॉपवर झेंडा येऊन थांबला होता. नवीन तुकडा आल्याची खूण त्याखाली लुकलुकत होती.

मुंगी केव्हाची दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती चवड्यांवर चालत आली, आईचा पदर ओढून तिला खाली वाकवलं आणि तिच्या कानाशी आपलं तोंड नेलं.

‘‘बाळ तर जागं आहे,’’ ती कुजबुजली. ‘‘मग आता कोण झोपलंय?’’